बेस-टॉप नंतर, हेडफोन आधी

गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत पाहून ज्याला डीजे व्हावंसं वाटतं, तो पैसे साठवायला लागतो ते बेस आणि टॉपसाठी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भाव काढतो, आकडा ऐकतो आणि ‘हे आपल्या आवाक्यातलं नाही’ म्हणून नाद सोडतो. वास्तविक स्पीकर, अँप्लिफायर, जनरेटर हा साऊंडवाल्याचा धंदा आहे. डीजेचं काम गाणी निवडायचं आणि एकातून दुसऱ्यात न्यायचं. सुपारी मिळाली की साऊंड भाड्याने येतो, अनेकदा तो आयोजकच ठरवतो. शिकणाऱ्याने पहिल्या वर्षात स्पीकरवर मोठा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉटच्या आकड्याला तर मुळीच भुलू नये. ५०० वॉटचे १००० वॉट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारोंचे आकडे निव्वळ जाहिरात असते. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद. आणि घरी सराव करायचा तर मोठा आवाज हवाच कशाला? रहिवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्यांची मर्यादा बहुधा त्याहूनही कमी असते.

मग पैसे कशाला मोजायचे? दोन वेगळ्या आवाजांना. लोकांना ऐकू येतं ते चालू गाणं, आणि डीजेच्या एका कानात त्याच वेळी वाजत असतं पुढचं गाणं, जे अजून कोणी ऐकलेलं नाही. ते तो हेडफोनवर जुळवून घेतो आणि मग फेडर उघडतो. याला क्यू करणं म्हणतात, आणि सगळी कला त्यावर उभी आहे. लॅपटॉपला हेडफोनचं भोक एकच असतं, त्यामुळे त्यातून हे दोन आवाज धड वेगळे निघत नाहीत. म्हणून कंट्रोलरमध्ये, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायच्या यंत्रात, साऊंडकार्ड आहे का, हा पहिला प्रश्न. स्पीकरसाठी मास्टर आउट आणि शिवाय वेगळा हेडफोन जॅक, दोन्ही दिसले पाहिजेत.

इथेच स्वस्तातला ग्राहक फसतो. चकचकीत दिवे, मोठी चाकं, सोळा पॅड, सगळं असतं आणि साऊंडकार्ड नसतं. २०१९ मध्ये आलेला पायोनिअरचा डीडीजे-२०० हलका आणि देखणा होता, पण त्यात साऊंडकार्ड नव्हतं. स्प्लिटर केबल लावून एका बाजूला मास्टर, दुसरीकडे क्यू असा मार्ग काढावा लागे, म्हणजे स्टिरिओ गेला. त्याच वर्गातल्या हर्क्युलिसच्या इनपल्स २०० मध्ये ते आतच बसवलेलं आहे. दिव्यांना मी शून्य गुण देईन.

‘क्लबमध्ये असतं तेच शिकायला हवं, नाहीतर तिथे हात अडतो’ असं सांगणारे दुकानदार पुष्कळ भेटतील. क्लबमध्ये असतात ते सीडीजे प्लेअर. एकेकाची किंमत लाखांत, आणि लागतात किमान दोन, वर मिक्सर. पण डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या दोन डेकच्या कंट्रोलरवर प्ले, क्यू, गाण्याचा वेग कमी-जास्त करणारा पिच फेडर, ईक्यू यांची मांडणी त्याच धाटणीची आहे. रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये घरी लावलेली प्लेलिस्ट आणि क्यू पॉइंट पेनड्राइव्हवर घेऊन थेट क्लबच्या प्लेअरमध्ये लावता येतात. साऊंडकार्ड असलेला शिकाऊ कंट्रोलर साधारण १५ ते ३५ हजारांत मिळतो. तेवढेही नसतील तर मिक्स (Mixxx) हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि कीबोर्डवर सुरुवात करा. गाण्यात कडवं कुठे संपतं, बीट कुठे सुटतो, हे ओळखायला मशीन लागत नाही.

तबकड्यांचा मोह असणाऱ्यांसाठी थोडक्यात: टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ पासूनचा दादा खरा, पण तो डायरेक्ट-ड्राइव्ह आहे, म्हणजे तबकडी थेट मोटरवर फिरते. सूटकेसमध्ये मिळणारा स्वस्त बेल्टवाला प्लेअर शोभेला ठीक, मिक्सिंगला नाही.

दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. जुने म्हणतात, सिंक वापरणारा डीजेच नाही. नवे म्हणतात, सिंक आहे मग शिकायचं काय? हाऊस किंवा टेक्नो मशीनवर बनतं, १२६ म्हणजे शेवटपर्यंत १२६ बीपीएम. तिथे सिंक चोख चालतं आणि वापरण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडची गोष्ट वेगळी. जुनी लावणी घ्या, नाहीतर वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेलं सिनेगीत. ढोलकीवाला माणूस आहे. रंगात आला की लय चढते. सॉफ्टवेअरने सुरुवातीला आखलेली बीटग्रिड दुसऱ्या कडव्यापर्यंत सरकलेली असते. त्यात गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात असेल तर चार-चारच्या ठेक्यावर सिंकने बसवलेलं ते अडखळत चालतं. मराठी गाणी वाजवायची असतील तर कानाने आणि पिच फेडरने जुळवायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून कंट्रोलर घेताना पिच फेडर लांब हवा. आखूड फेडरवर बारीक फरक साधत नाही.

हेडफोन वायरचाच घ्या. घरात ब्लूटूथचा आहे, तोच चालेल असं वाटतं, पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२८ बीपीएमला दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे ४७० मिलिसेकंद. म्हणजे तुमच्या कानात ठोका पडतो तेव्हा स्पीकरचा ठोका जवळजवळ अर्धी वाट पुढे गेलेला असतो. खास डीजेंसाठीचे कमी विलंबाचे वायरलेस हेडफोन आता निघालेत, पण ते शिकाऊ माणसाच्या खिशाचे नाहीत. कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा साधा हेडफोन पुरतो.

गाण्यांच्या फाइलीतही असंच हाताशी असलेलं चालत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली १२८ केबीपीएसची फाइल फोनवर बरी वाटते, मोठ्या सिस्टिमवर टॉप चिरका लागतो. तिचं ३२० मध्ये रूपांतर केलं की फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. आणि सगळी भिस्त स्ट्रीमिंगवर ठेवू नका. २०२० च्या जुलैत स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरमधून अंग काढून घेतलं, परत यायला २०२५ उजाडलं.

जुना कंट्रोलर घेण्यात धोका आहे, पण लोक समजतात तितका नाही. एका डेकवर गाणं लावा आणि क्रॉसफेडर पूर्ण दुसऱ्या बाजूला सरकवा; बारीक आवाजही झिरपता कामा नये. पिच फेडर मध्यावर आणून पडद्यावर शून्य दिसतं का पाहा. हेडफोनची पिन जॅकमध्ये फिरवा, खरखर आली तर भाव पाडा. आणि तुमच्या लॅपटॉपच्या सध्याच्या सिस्टिमवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर चालतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. नवीन घ्या की जुना, दुकानात स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा, आणि जोडून दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका.