कोणतं बिल अंकात घ्यायचं?

आपल्या न्यू जर्सीच्या विधिमंडळात दोन वर्षांच्या एका सत्रात हजारो बिलं दाखल होतात. बहुतेक कमिटीतच पडून राहतात आणि सत्र संपलं की आपोआप बाद होतात. आपल्या अंकात गणपतीचे फोटो आणि नाटकाची जाहिरात यांतून उरतं दीड पान. त्यात दोन-तीन बिलांची माहिती बसते. ती कोणती असावीत, यावर कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली. त्यातली ही माझी बाजू.

पहिला आग्रह असतो तो 'आपल्या' बिलाचा. दिवाळीचं नाव दिसलं की सगळे खूश. पण मंडळी, आत काय लिहिलंय ते बघायला नको का? पेनसिल्व्हेनियाने २०२४ साली दिवाळीला राज्याचा सण म्हणून मान्यता दिली, पण त्या कायद्याने शाळा-कचेऱ्या बंद ठेवायचं बंधन घातलेलं नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना मात्र २०२३ च्या कायद्याने खरोखरची सुट्टी मिळाली. सण एकच, पण एकात मान आहे आणि दुसऱ्यात मुलं घरी असतात. आम्ही इंजिनिअर लोक स्पेसिफिकेशन हातात आलं की आधी 'शॅल' आहे की 'मे' आहे ते बघतो. बिलालाही तोच नियम लावावा. ते वाचणं वाटतं तितकं अवघड नाही. जुन्या कायद्यातला गाळायचा मजकूर ठळक चौकटी कंसात असतो, नव्याने घातलेला अधोरेखित असतो, आणि शेवटी साध्या भाषेत एक निवेदन जोडलेलं असतं. मी तर निवेदनापासूनच सुरुवात करतो.

आता उलट उदाहरण बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयडा' वादळाच्या पावसाने कितीतरी बेसमेंट भरली. पुढे २०२३ साली राज्याने कायदा केला : घर विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने पुराच्या धोक्याची माहिती आधी द्यायची. मार्च २०२४ पासून तो लागू झाला. त्यात ना दिवाळी, ना भारत. पण आपल्यातलं दर दुसरं कुटुंब एक तर अपार्टमेंट शोधत असतं, नाही तर घर! माझ्या मते असं बिल कमिटीत असतानाच आपल्या पानावर यायला हवं.

'असतानाच' हा शब्द महत्त्वाचा. बिल गव्हर्नरच्या टेबलावर पोचल्यावर आपण छापलं, तर ती नुसती बातमी. गावाच्या ऑर्डिनन्सची तर आणखी घाई असते. पहिलं वाचन होतं, सूचना प्रसिद्ध होते, मग जाहीर सुनावणी आणि लगेच मतदान. सूचना आणि सुनावणी यांत कायद्याने किमान एक आठवडा. आपला अंक तीन महिन्यांनी निघतो! तेव्हा पार्किंग, झोनिंग असल्या गोष्टी फोनवरून कळवाव्यात, आणि अंकात लांब चालणारे विषय घ्यावेत. उदाहरणार्थ, पाण्याच्या शिशाच्या जोडण्या दहा वर्षांत बदलण्याचा २०२१ चा कायदा. आपल्या रस्त्याचा नंबर कधी, हे पाणी पुरवणाऱ्या कंपनीला विचारायला अजूनही वेळ आहे.

"आम्हाला कुठे मत आहे?" असं ग्रीन कार्डवाले आणि एच-वनवाले म्हणतात. मत नाही हे खरं. पण ऑर्डिनन्सच्या सुनावणीत बोलायला नागरिकत्वाची अट नाही. ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सर्वांना बोलू द्यावं, असं राज्याचा कायदाच म्हणतो. नाव-पत्ता सांगायचा आणि दोन-तीन मिनिटांत मुद्दा मांडायचा. प्रॉपर्टी टॅक्स आपणही भरतोच की, घरमालकामार्फत का होईना.

राहिली भीती राजकारणाची. आपल्यासारख्या करमुक्त संस्थेला निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. बिलांची माहिती देणं मात्र चालतं, आणि मर्यादेत राहून मतही मांडता येतं. म्हणून दोन्ही बाजू छापाव्यात आणि उमेदवाराचं नाव टाळावं, एवढं पथ्य पुरेसं आहे.

पुढच्या अंकासाठी बिल सुचवणार असाल तर तीन गोष्टी कळवा : बिलाचा नंबर, ते आज कोणत्या कमिटीत आहे, आणि तुमच्या घरात त्याने नेमकं काय बदलेल. तिसऱ्याचं उत्तर एका वाक्यात द्या.