वानराच्या पोटातली फॅक्टरी

कोआला म्हटलं की सगळ्यांचं एकच, ‘सो क्यूट!’ निलगिरीची पानं खायची आणि दिवसातले अठरा-वीस तास ताणून द्यायची, असं त्याचं पॅकेज. सोमवारी सकाळी कुणालाही हेवा वाटेल. पण पाल्यावर जगणारा एक गडी आपल्याकडेही आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर, वेरूळला. काळं तोंड, राखाडी अंग, लांबलचक शेपूट. त्याला माकड म्हणू नका हं. माकड लाल तोंडाचं, हा वानर.

मला त्याच्या पोटाचं भारी कौतुक वाटतं. पानातलं सेल्युलोज सस्तन प्राण्यांना स्वतःच्या पाचकरसाने फोडता येत नाही, ते काम जिवाणूंना द्यावं लागतं. चक्क आउटसोर्सिंग! कोआलाचे जिवाणू मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या, जवळपास दोन मीटर लांब पिशवीत राहतात. वानराचे मात्र अलीकडेच, कप्प्याकप्प्यांच्या जठरात. बरीचशी गाईसारखी सोय, फक्त रवंथ नाही. दुपारी सावलीत पाय पसरून बसलेली टोळी आळशी वाटते खरी, पण आत शिफ्ट चालू असते.

आणि या फॅक्टरीत आपण टाकतो क्रीमचं बिस्कीट! साखर झटपट आंबते, आम्ल वाढतं, जिवाणूंचा तोल जातो. ‘अरे, मारुतीचं रूप आहे, खाऊ दे की,’ असं आमच्या ग्रुपमधला एकजण दर ट्रिपला म्हणतो. देव म्हणायचं आणि वेफर्स चारायचे, हे मला काही पटत नाही. आयतं मिळायला लागलं की वानर पर्स ओढायला शिकतो, मग तक्रारी, मग पिंजरा.

त्यांचं फॅमिली लाइफ मात्र टीव्ही सीरियलला लाजवेल. माद्या जन्मभर माहेरच्याच टोळीत, मुलगे वयात आले की बाहेर. पिल्लू जन्मतं काळपट, आणि मावश्या-आत्या ते हातोहात फिरवतात. आईला तेवढीच खायला उसंत. पण बाहेरचा नर टोळी बळकावतो, तेव्हा कधीकधी आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. धारवाडजवळ १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने हे नोंदवलं. सारा हर्डी यांनी १९७०च्या दशकात अबूला अभ्यास करून कारण मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते. तेव्हा अनेकांना ते पचलं नाही. माद्याही गप्प बसत नाहीत बरं का, एकत्र येऊन त्या नराच्या अंगावर धावून जातात.

मंगळवारी लेणी बंद असतात. एरवी सकाळी लवकर गेलात तर कोवळ्या पालवीवर त्यांचा ब्रेकफास्ट चाललेला दिसेल. आईच्या पोटाला चिकटलेलं काळं पिल्लू शोधा. आणि हो, बॅगेची चेन लावलेली बरी.