दाढ काढायची की कॅप बसवायची?

होसूर आणि सर्जापूर रस्त्यांवरून नाव पडलेल्या बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये दातांच्या दवाखान्यांची वानवा नाही. नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी माणसाची दाढ ठणकली, की दोन ठिकाणी दाखवता येतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. एक डॉक्टर म्हणतात, रूट कॅनाल करून कॅप बसवू. दुसरे म्हणतात, काढून इम्प्लांट टाकू.

पुष्कळदा ही दाढ म्हणजे खालची पहिली दाढ असते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला उगवते. म्हणून अनेक आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि कीड दिसली तरी ‘पडेलच की’ म्हणून सोडून देतात.

ठणका किती आहे यावर निर्णय ठरत नाही. आतली नस सुजली की जीव नकोसा होतो, पण रूट कॅनालनं तो त्रास जातो. कीड खरवडल्यावर उरतं किती, हे पाहायचं. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात हवा. कॅपची कड त्यालाच आवळून धरते. तेवढा नसेल, तर मुळात खुंटी ठोकून वर बांधकाम केलं तरी चावण्याचा सगळा ताण मुळावर येतो आणि ते फुटू शकतं. काही वेळा हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन ही पट्टी मिळवता येते.

उभं तडकलेलं मूळ मात्र बहुधा वाचत नाही. एक्स-रेत ही चीर अनेकदा दिसतही नाही. डॉक्टर खुणा केलेली बारीक सळई हिरडीतून दाताभोवती फिरवतात: दोन, तीन, तीन, आणि एकाच जागी एकदम आठ मिलिमीटर. अशी अरुंद, खोल फट लागली की संशय बळावतो. त्या दाढेवर कॅपचा खर्च करू नये.

काढल्यावर जागा रिकामी ठेवली, तर शेजारची दाढ कलते, समोरची लांबते आणि जबड्याचं हाड पहिल्या वर्षात सर्वाधिक झिजतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रोनेटसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर दात काढण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

दोन मतं जुळली नाहीत, तर एक्स-रे घेऊन व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात जावं आणि विचारावं: कीड काढल्यावर हिरडीच्या वर नेमका किती दात उरेल?