विश्लेषण : परिचारिकांची ‘टीम’ कार्यशाळेत घडते की वॉर्डात?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीला, रुग्णालयांत परिचारिकांचा सत्कार होतो. अलीकडे जोडीला ‘टीम बिल्डिंग’ची कार्यशाळाही असते. खेळ होतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी मात्र वॉर्डात तीच गर्दी आणि तेवढ्याच सिस्टर! मग नोकरीतले समाधान नेमके कशावर ठरते?

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती कामाबाबत असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी आणि थकून कोलमडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या खुशीचा नाही, रुग्णाच्या जिवाचाही आहे.

आपल्याकडे निकष काय?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, तर सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. पण हे प्रमाण तिन्ही पाळ्यांचे मिळून आहे. त्यामुळे प्रत्यक्ष एका पाळीत एकीच्या वाट्याला अनुक्रमे नऊ आणि पंधरा रुग्ण येतात. रजा आणि रिक्त पदांमुळे हा आकडा आणखी फुगतो.

परिचारिका टिकतात कुठे?

१९८३ मध्ये अमेरिकेतील १६३ रुग्णालयांची पाहणी झाली. टंचाईच्या काळातही ४१ रुग्णालयांना परिचारिका सहज मिळत होत्या आणि त्या टिकतही होत्या. या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक असे नाव पडले. तिथे परिचारिकांच्या मताला किंमत होती, प्रमुख परिचारिका सक्षम होत्या आणि ड्युटी ठरवताना लवचिकता होती.

एकाच वॉर्डात दोन गट का पडतात?

कायम आणि कंत्राटी परिचारिका एकच काम करतात. पगार, रजा आणि नोकरीची हमी मात्र वेगळी. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी संप केला, तो बाह्यस्रोतांद्वारे भरतीच्या विरोधात. उद्या असेल की नाही हे माहीत नसलेल्या सहकारीवर विसंबायचे कसे, हा व्यवहारातला प्रश्न आहे.

कमी खर्चात काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे पाळी बदलतानाचा ‘हँडओव्हर’. रुग्णाची आत्ताची स्थिती, आधीची माहिती, आपला अंदाज आणि पुढे काय करायचे, या चार मुद्द्यांवर रुग्णाच्या खाटेजवळच तो दिला, तर चुका आणि त्यावरून होणारी भांडणे दोन्ही टळू शकतात. दुसरे, ड्युटी लिस्ट वेळेत लावणे आणि रात्रपाळ्या समान वाटणे. तिसरे, चूक सांगणाऱ्या नव्या सिस्टरला सर्वांसमोर न झापणे. वॉर्डाचे वातावरण बव्हंशी परिसेविकेच्या वागण्यावर ठरते.

मग कार्यशाळा नकोतच?

जरूर घ्याव्यात, पण रिक्त पदांवरचा उतारा म्हणून नव्हे. मध्यरात्री रुग्ण अत्यवस्थ झाला, की हाकेला दुसरी सिस्टर धावून येते का, यावर टीम ठरते. त्यासाठी ती दुसरी सिस्टर मुळात ड्युटीवर असावी लागते.