ऊर्जेचे गणित आणि गावकुसाबाहेरची वस्ती

देशाचा विकास मोजण्याची एक सोपी पट्टी सत्ताधाऱ्यांच्या हाती नेहमीच असते. वीजनिर्मिती किती वाढली, दरडोई वीजवापर किती झाला, राष्ट्रीय उत्पन्न किती टक्क्यांनी वाढले, हे आकडे एका दमात सांगितले की विकास झाला असे गृहीत धरले जाते. 1947 साली या देशात दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे 16 युनिट होता. 2023-24 मध्ये तो 1,400 युनिटच्या आसपास गेला. ही वाढ खरी आहे आणि आम्ही ती नाकारत नाही. पण सरासरीच्या पोटात विषमता लपते, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

ऊर्जेचा वापर आणि आर्थिक वाढ यांच्या नात्यावर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी गेली चार-साडेचार दशके खल केला आहे. सुरुवात झाली 1978 साली. जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी अमेरिकेची 1947 ते 1974 ची आकडेवारी तपासून सांगितले की आधी उत्पन्न वाढते आणि मागून ऊर्जेचा वापर वाढतो. त्यानंतर अशा अभ्यासांची रांगच लागली. कोणी म्हणाले, ऊर्जेमुळे वाढ होते. कोणी म्हणाले, वाढीमुळे ऊर्जा लागते. काहींना दोन्ही एकमेकांना ढकलताना दिसले, तर काहींना दोघांचा काही संबंधच दिसला नाही.

आपल्या देशाबाबतही तोच गोंधळ. 1996 मध्ये मसीह आणि मसीह यांनी भारतात ऊर्जेकडून उत्पन्नाकडे जाणारी दिशा दाखवली. 1999 मध्ये चेंग यांनी नेमकी उलटी दाखवली. 2002 मध्ये सजल घोष यांनी विजेपुरते पाहिले आणि आर्थिक वाढीमुळे वीजवापर वाढतो असा निष्कर्ष काढला. 2004 मध्ये पॉल आणि भट्टाचार्य यांनी दोन्ही बाजूंनी संबंध असल्याचे सांगितले. 2010 साली ओझतुर्क यांनी अशा संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एकमत नाही हेच हाती लागले.

असे का होते? या अभ्यासांची मुख्य कसोटी ग्रेंजर या नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञाची आहे. एका गोष्टीच्या मागील आकड्यांवरून दुसरीचा पुढचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो का, एवढेच ती पाहते. कोंबडा आरवतो आणि मग उजाडते. म्हणून कोंबड्यामुळे उजाडते असे म्हणायचे काय? वर्षे बदलली, देश बदलले, पद्धत बदलली की उत्तरही बदलते.

तरीही हा वाद केवळ विद्यापीठातला नाही. ऊर्जेमुळे वाढ होत असेल, तर ज्याची वीज तोडली त्याची वाढ तोडली. 2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले आणि मुंबई त्यातून बहुतांशी मोकळी राहिली. कोणाची वाढ महत्त्वाची आणि कोणाची थांबली तरी चालेल, हे तेव्हा कोणत्या संशोधनाने ठरवले होते?

बाबासाहेबांनी या प्रश्नाला फार आधी हात घातला होता. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, अशी मांडणी त्यांनी 1943 मध्ये वीज धोरण समितीपुढे केली. त्यांच्याच काळात, 1944 मध्ये, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. त्यांच्या विचारात वीज हे साधन होते आणि साध्य होता माणूस. आजच्या संशोधनातून हा माणूसच गळाला आहे.

आता गावाकडे पाहू. 1997 पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. म्हणजे पाटलाच्या मळ्यात एक पंप चालला की कागदोपत्री सारे गाव उजळले! 2004 मध्ये व्याख्या बदलली. किमान 10 टक्के घरांत वीज हवी आणि जिथे दलित वस्ती असेल तिथेही विजेची मूलभूत सोय हवी, असे तिच्यात लिहावे लागले. ही अट का घालावी लागली, याचे उत्तर 2011 ची जनगणना देते. प्रकाशासाठी वीज वापरणारी घरे देशात 67 टक्के होती. अनुसूचित जातींत ती 59 टक्के आणि अनुसूचित जमातींत जेमतेम 52 टक्के होती.

एप्रिल 2018 मध्ये सर्व गावांत वीज पोहोचल्याची घोषणा झाली. 2017 च्या सौभाग्य योजनेतून कोट्यवधी घरांना जोडण्याही मिळाल्या. हे चांगलेच झाले. पण तार पोहोचली म्हणजे विकास पोहोचला काय? बर्लिग आणि प्रिओनास यांनी भारतातील ग्रामीण विद्युतीकरण तपासले, तेव्हा लहान गावांत आर्थिक लाभ फारसा दिसला नाही. आम्हाला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे त्याला वीज म्हणजे पाणी, पीक आणि पैसा. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला वीज म्हणजे एक दिवा आणि दर महिन्याचे बिल. ऊर्जेचे उत्पन्नात रूपांतर व्हायला मधे मालमत्ता, भांडवल आणि शिक्षण लागते. ते जातीने कोणाला दिले आणि कोणाला नाकारले, हे आम्ही सांगायला नको.

आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केला. पण 2011 ला घरात दिवा कशाचा, एवढेच विचारले होते. वीज किती तास मिळते, किती युनिट वापरली जाते, त्यावर रोजगाराचे कोणते यंत्र चालते, हे विचारले नव्हते. हे प्रश्न जातनिहाय विचारले जावेत, अशी मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. अर्थशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुला-मुलींनीही परदेशी सूत्रे जरूर शिकावीत, पण ती वस्तीच्या आकड्यांना लावून पाहावीत. ऊर्जा आधी की वाढ आधी, हा वाद पंडितांना करू द्या. दोन्ही कोणाच्या घरी गेल्या, हे आपण विचारू.