दुसरा पंप लावला की टाकी निम्म्या वेळात भरते?

जुहूतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरायला जुन्या पाइपलाच दुसरा पंप जोडला, तर वेळ निम्मा होईल का? पंप विकणारे छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ आहे. किती मिनिटं वाचतील, ते पाइप ठरवतो.

स्लॅब टाकताना घमेली वर कशी जातात ते आठवा. माणसं एकावर एक उभी केली की घमेलं उंच जातं. शेजारी दुसरी रांग लावली की जास्त घमेली जातात. पंपांचंही तसंच. एकापुढे एक लावले तर दाबाची बेरीज होते, समांतर लावले तर प्रवाहाची. मात्र प्रवाह दुप्पट करायचा तर पाइपातल्या घर्षणापायी जवळजवळ चौपट दाब खर्ची पडतो. अरुंद पाइपावर समांतर पंपांची बरीचशी ताकद तिथेच जिरते.

जुहूजवळच्या इर्ला उदंचन केंद्रात समांतर मांडणीच योग्य. भरतीला समुद्र नाल्यापेक्षा वर चढतो, तेव्हा पावसाचं पाणी थोड्याच उंचीवर उचलायचं असतं, पण अफाट. तिथला एकेक पंप सेकंदाला सुमारे 6,000 लिटर फेकतो.

बोअरवेलमध्ये नेमकं उलट. सबमर्सिबल पंप उघडून पाहा: एकाच दांड्यावर इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकांची, चळत असते. प्रत्येक इम्पेलर खालचं पाणी घेतो, दाब वाढवून वरच्याच्या हवाली करतो. बहुटप्पी पंपाचं पेटंट 1875 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी घेतलं होतं. अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी ‘रेनॉल्ड्स अंक’ घोकतो, पण शेतोशेती पाणी चढवणाऱ्या या कल्पनेशी त्यांचं नाव कुणी जोडत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आता संगणकही पाण्याने थंड होतात. पुण्याच्या ‘आयसर’मधला परम ब्रह्म महासंगणक द्रवानेच थंड ठेवतात. घरच्या गेमिंग संगणकात चिपवरच्या तांब्याच्या ठोकळ्यात इतक्या बारीक खाचा असतात की अडथळा मोठा. तिथे दोन पंप एकापुढे एक लावणं शहाणपणाचं. त्यातला एक बंद पडला तरी दुसरा त्याच्यातूनच पाणी ढकलत राहतो. प्रवाह घटतो, थांबत नाही. समांतर जोडणीत मात्र चालू पंपाचं पाणी बंद पंपातून उलटं फिरून परत येतं आणि चिप तापतच राहते. ते रोखायला प्रत्येक पंपापुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवा. सोसायटीने दुसरा पंप घेतलाच, तर प्लंबरला आधी तोच बसवायला सांगावा.