पोपची सत्ता आणि एक बनावट दानपत्र

पोप म्हणजे मूलतः रोम नगराचे बिशप. मग एका नगराच्या बिशपाला जगभरच्या कॅथॉलिकांवर अधिकार कोठून मिळाला? या जुन्या वादात दोन निरनिराळ्या प्रश्नांची गल्लत होते, असे मला वाटते.

पहिला प्रश्न धार्मिक अधिकाराचा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात येशू आपल्या पेत्र या शिष्याला स्वर्गराज्याच्या किल्ल्या देऊ करतो. पेत्र रोममध्ये हुतात्मा झाला अशी परंपरा आहे. म्हणून रोमचा बिशप त्याचा वारस, असे कॅथॉलिक मानतात. उलट, इ. स. ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेच्या एका ठरावात रोमच्या मानाचे कारण ते राजधानीचे नगर होते, असे दिले आहे. पोप पहिले लिओ यांनी तो ठराव मानला नाही.

दुसरा प्रश्न राज्यसत्तेचा. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टर यांना रोम, इटली व पश्चिमेचे प्रांत दिले, असे एक दानपत्र मध्ययुगात पुढे केले जाई. १४४० मध्ये लोरेंझो व्हाला या इटालियन पंडिताने त्याची भाषा तपासली. त्यात सम्राटाच्या दरबारी ‘सत्रप’ आढळले. सातवाहनांशी लढलेल्या क्षत्रपांमुळे आपल्याला परिचित असलेला हाच मूळ इराणी शब्द. रोमन दरबारात तो अस्थानी होता. शिवाय जे कॉन्स्टॅन्टिनोपल अजून वसलेच नव्हते, त्याच्या धर्मपीठाचाही उल्लेख होता! दानपत्र बनावट ठरले. आज विद्वान ते बहुधा आठव्या शतकातले मानतात.

व्हाला हा पोपशी वैर असलेल्या राजा आल्फोन्सोच्या पदरी होता, ही गोष्ट खरी. परंतु त्याचा पुरावा शब्दांत होता आणि तो कोणालाही पडताळता येत होता. पुढे तर तो पोपच्याच कचेरीत चिटणीस झाला.

दानपत्र खोटे ठरल्याने पेत्राच्या वारशाचा प्रश्न मात्र सुटत नाही. तो श्रद्धेचा आणि शास्त्रार्थाचा विषय आहे, व १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने पोपचे श्रेष्ठत्व घोषित केल्यानंतरही इतर ख्रिस्ती पंथांशी तो वाद चालूच आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथम मीच चढलो. शिक्क्याचा कागद दिसला की आमच्याकडे अजूनही हात जोडतात. अशा घरातून आल्यामुळे मला व्हाला जवळचा वाटतो. कागद कोणाचा आहे यापेक्षा त्यात काय लिहिले आहे, हे त्याने आधी पाहिले. भाषेच्या आम्हा विद्यार्थ्यांनी एवढे जरी उचलले तरी पुष्कळ झाले.